कुमेद घोडा थांबतो ती जागा

मुक्काम जळगाव जामोद, गवताचा डेपो
ता. २० नोव्हेंबर १९१६

चि. सौ. कोकिळा हिस शेषरावाचे आशीर्वाद. मी बरा आहे. सासूबाईंचा दमा कसा आहे ते कळव.

थंडी पडली आहे. सकाळी सातपुड्याकडून वारा सुटतो आणि गवताचा भुसा डोळ्यांत जातो. कापणी अजून महिनाभर चालेल. गवत लढाईवरच्या घोड्यांसाठी जातं, म्हणून साहेबांची घाई आहे. मोकळं गवत आगगाडीत मावत नाही. ते यंत्रात दाबायचं, तारेनं बांधायचं, त्याच्या गठाणी करायच्या आणि बैलगाड्यांनी नांदुऱ्याच्या स्टेशनावर धाडायच्या. एवढंच काम.

तुझे यजमान, आमचे जावईबापू, घरी पोहोचले का? इथून ते अकरा तारखेला निघाले. सुलतानपूर पायी सहा दिवसांचं धरलं तरी आतापर्यंत पोहोचायला हवे. त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. जे सांगितलं असेल ते अर्धं असेल.

तुमच्या घरात वाचता फक्त त्यांनाच येतं. ते नसले म्हणजे तू पत्र शाळेच्या गुरुजींकडे नेतेस. तेव्हा हे पत्र तुला कोण वाचून दाखवतो आहे, ते उलट टपाली कळव.

मी काय केलं ते मीच सांगतो. इथलं घोड्यावर चालणारं यंत्र विलायती आहे. एक लांब आडवी पेटी, तिच्यात गवत टाकायचं. तांबूस अंगाचा कुमेद घोडा एका दांडीला जुंपलेला असतो आणि गोल फिरतो. दर फेरीला लोखंडी दट्ट्या पेटीत शिरतो, गवत दाबतो आणि सुटतो. सुटला की दाबलेलं गवत त्याला मागं फेकतं. तो धक्का दांडीपर्यंत येतो, दांडी उडते आणि घोड्याच्या मागच्या पायांवर बसते. हा त्या यंत्राचा दोष. मी दट्ट्यामागं मोडक्या टांग्याची पोलादी पट्ट्यांची कमान बसवली. आता सगळा धक्का कमान खाते. दांडीच्या टोकावर पाण्याचा पेला ठेवला तर सांडत नाही. मी ठेवून पाहिला.

तरी घोडा थांबतो. दट्ट्या सुटायच्या आधी, कडुलिंबाच्या झाडाच्या बाजूला, दर फेरीला त्याच जागी. यंत्रात दोष नाही. मग दोष हाकणाऱ्यात असला पाहिजे, आणि हाकणारे तुझे यजमान होते.

कारणही आहे. शेजारी हातानं दाबायचं जुनं यंत्र चालतं. त्यावर वीस गडी आहेत. घोड्याचं यंत्र नीट चाललं तर त्या विसांचं काम जाईल. त्यांत जावयांचा चुलतभाऊ रंगराव आहे. दोघं रोज एकत्र भाकरी खात. काय बोलत, ते मी जवळ गेलो की थांबे.

दहा तारखेला मी सगळ्यांसमोर विचारलं, "घोडा इथंच काऊन थांबते?"

जावई म्हणाले, "मले काय विचारता भाऊ? त्याले इचारा."

गडी हसले. मला ते हसणं आवडलं नाही. मी ठेकेदार वामनरावांना जे दिसलं ते सांगितलं. पुढचं त्यांनी केलं.

भाऊबीजेला मला येता आलं नाही. काम होतं. त्याबद्दल पुन्हा विचारू नकोस.

तुझा मोठा भाऊ
शेषराव मिस्त्री


जळगाव जामोद
ता. ५ डिसेंबर १९१६

चि. सौ. कोकिळा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अक्षर गुरुजींचं आहे. तू लिहवतेस की यजमान घरी आलेले नाहीत. लोक विचारतात, तुझ्या नवऱ्याला काऊन हाकललं, आणि तुला विहिरीवर जायची लाज वाटते. भाऊबीजेचं ताट दुपार टळेपर्यंत झाकून ठेवलं होतं, तेही लिहवलंस. हे सगळं तुझं आहे, तुझा आवाज मला ओळखू येतो.

पण शेवटी एक ओळ आहे. "कुमेदाच्या मागच्या पायांची सूज उतरली का?"

अक्षर गुरुजींचं, प्रश्न गुरुजींचा नाही. तुझाही नाही. तू तो घोडा पाहिलेला नाहीस. त्या सुजेचं फक्त एका माणसाला माहीत होतं. दिवाळीहून परत आल्यावर त्यांनी घोड्याचे पाय दाबून पाहिले आणि मला विचारलं होतं. दाव्यानं घासलं, असं मी तेव्हाच सांगितलं. तेच पुन्हा लिहितो. तेव्हा जावईबापू घरात आहेत, आणि तू माझ्याशी खोटं बोलतेस. नवऱ्यासाठी बोलतेस म्हणून राग धरत नाही.

इथं नवा हाकणारा आला आहे. हिंमतराव नावाचा. जन्म टांग्यावर गेला, आता टांगा मोडला. त्यालाही घोडा लिंबापाशी थांबतो. तो चाबूक उचलत नाही. घोड्याच्या मानेवर हात ठेवून नुसता उभा राहतो. याला रंगरावानं पहिल्याच दिवशी तंबाखू दिली, ते मी पाहिलं आहे.

मी स्वस्थ बसलेलो नाही. कोणी यंत्राला हात लावतो का ते पाहायला मी संध्याकाळी पेटीभोवती चुलीची राख पसरली. सकाळी राखेत पावलं होती. मी त्यांचं माप काडीनं घेतलं आणि एकेका गड्याच्या पायाला लावत गेलो. रंगराव पाय पुढं करून म्हणाला, "मिस्त्री, तुमचा पाय लावून पाहा ना एक डाव." लावला. माप बरोबर आलं. रात्र पडायच्या आधी मी एकदा नट तपासायला गेलो होतो, ते विसरलो होतो. त्यावर दोन दिवस हसणं चाललं. मला आता "राखवाले मिस्त्री" म्हणतात.

पण खरी गोष्ट पुढं आहे. गेल्या शुक्रवारी मी तार आणायला नांदुऱ्याला गेलो. मी असताना दिवसाला तीस गठाणी होतात. त्या दिवशी चौसष्ट झाल्या. मी विचारलं तर रंगराव म्हणतो, "तुमी नसले का घोडा चालते." तोंडावर म्हणतो.

म्हणजे यंत्र चालतं, घोडाही चालतो. फक्त मी पाहत असलो की हे त्याला थांबवतात. कसं थांबवतात, शीळ घालतात की काही वास दाखवतात, ते मी शोधणार आहे. हीच विद्या जावयांनी यांना शिकवली असणार. बावीस तारखेला साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर घोडा चालला तर माझी कमान सगळ्या डेपोंवरच्या यंत्रांना लागेल. थांबला तर मी थापाड्या ठरेन. म्हणून त्याआधी मला हे उघड करायचं आहे.

जावईबापूंना सांग की पळून कोणी खरा ठरत नाही.

शेषराव मिस्त्री


जळगाव जामोद
ता. २० डिसेंबर १९१६

कोकिळा,

हे पत्र गुरुजींकडे नेऊ नकोस. घरच्या माणसाकडून वाचून घे. ते घरात आहेत हे मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

गेल्या बुधवारी मी नांदुऱ्याला जातो असं सगळ्यांना सांगून गाडीवर बसलो. नाल्यापाशी उतरलो आणि मागून येऊन गठाणींच्या ढिगाआड बसलो. दोन गठाणींच्या फटीतून सगळं दिसत होतं. हिंमतराव बसून विडी ओढत होता. रंगराव दूर आपल्या यंत्रावर होता, त्याची पाठ इकडे होती. कोणी शीळ घातली नाही. कोणी काही केलं नाही. घोडा आपल्या मनानं फिरत होता. लिंबापाशी आला, दट्ट्या सुटला, कमानीनं धक्का खाल्ला, घोडा पुढं गेला. मी बावन्न फेऱ्या मोजल्या. इतकं चांगलं चाललेलं यंत्र मी पाहिलं नव्हतं. ते माझं होतं. मला राहवलं नाही, मी उठून बाहेर आलो.

घोड्यानं कान मागं टाकले. लिंबापाशी आला आणि थांबला. मागचे पाय थरथरत होते.

हिंमतराव म्हणाला, "मिस्त्री, ढिगामागं जा बरं."

गेलो. घोडा चालला.

"आता या."

आलो. घोडा थांबला.

तसं तीन वेळा केलं. गडी कामं सोडून भोवती जमले. हिंमतराव मला हळूच म्हणाला, "याले इथं मार बसलेला हाय. अन् तुमी इथंच उभे होते." रंगराव मात्र मोठ्यानं म्हणाला, "घोड्यालेबी आमीच शिकवलं काय, मिस्त्री?" या वेळी कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

आता भाऊबीजेचं लिहितो.

कमान तयार होती, पण ती धरून ठेवणारा लोखंडी खिळा खामगावच्या लोहाराकडून यायचा होता. दिवाळीला निघताना तुझे यजमान मला म्हणाले होते, "भाऊ, खिळा येऊ द्या. तवरोक घोडा जुंपू नका." मी हो म्हटलं. डेपो रिकामा झाला. ते परत यायच्या आत यंत्र चालून दाखवावं असं माझ्या मनानं घेतलं. त्यांनी पाहायच्या आधी व्हावं. का, ते मला नीट सांगता येत नाही. घोड्याचं त्यांना कळे आणि लोखंडाचं मला, आणि गडी घोड्याकडे जास्त पाहत.

बाभळीचा खिळा ठोकला आणि भाऊबीजेच्या सकाळी मी स्वतः कुमेद जुंपला. तिसऱ्या फेरीला लाकूड मोडलं. दांडी उडून त्याच्या पायांवर बसली. मला वाटलं गवत ओलं आहे. दुसरा खिळा ठोकला. तोही मोडला. मग तो लिंबापाशी थांबू लागला. थांबला म्हणून मी मारलं. मारलं म्हणून चालला, चालला म्हणून दांडी पुन्हा बसली. असं सात फेऱ्या. माझ्या हातात ओली काठी होती. नंतर मी त्याचे पाय हळद-तेलानं चोळले आणि काठी चुलीत घातली. त्या वेळी तिकडे तू ताट वाढत होतीस.

पुढच्या आठवड्यात लोखंडी खिळा आला. यंत्र निर्दोष झालं. घोड्याला ते कोण सांगणार?

तुझे यजमान परत आले, त्यांनी घोडा हाकला. मी शेजारी उभा राहून पाहू लागलो, कारण मला त्यांचा संशय येऊ लागला होता. मी पाहत होतो म्हणून घोडा थांबत होता. घोडा थांबत होता म्हणून मी आणखी जवळून पाहत होतो. सूज त्यांनी ओळखली होती. लिंबापाशी काय झालं असेल तेही त्यांनी ओळखलं असणार. दहा तारखेला "त्याले इचारा" म्हणाले, तेव्हा त्यांना सगळ्यांसमोर माझं नाव घेता आलं असतं. घेतलं नाही. बायकोचा भाऊ म्हणून गप्प राहिले. त्या गप्प राहण्याला मी पुरावा धरलं.

गेल्या बुधवारीच मी वामनरावांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "घोडा चालते ना आता? मंग झालं. साहेब येतीन तवा तुम्ही लांब उभे राहा." तुझ्या यजमानांना कामावर घेऊ नये असं त्यांनी तीन डेपोंना लिहून कळवलं आहे. ते परत घ्या म्हटलं तर म्हणाले, एका हाकणाऱ्यासाठी मी माझा शब्द खोटा पाडू काय? तेव्हा मीच निघालो. तिन्ही डेपोंवर जाऊन गड्यांसमोर आणि मुकादमासमोर सांगून आलो की घोडा मी बिघडवला. पहिल्या ठिकाणी मला वेडा समजले. दुसऱ्या ठिकाणी मुकादमानं नाव लिहून घेतलं. तिसऱ्या ठिकाणी एक म्हातारा म्हणाला, "आता सांगून काय फायदा? तो तर घरी बसला असन."

परवा साहेब येतील तेव्हा मी ढिगाआड उभा राहणार नाही. यंत्राशेजारी उभा राहीन. घोडा थांबेल. का थांबला असं साहेब विचारतील, तेव्हा वामनरावांच्या देखत सांगीन. मग मला हटवून ते घोडा चालवून पाहतील. कमान लागायची तर लागेल. माझं काम राहणार नाही, आणि तुझ्या यजमानांवरचा आळ साहेबांपुढं उतरेल. याहून खात्रीची दुसरी रीत मला सुचली नाही.

जावईबापू, आता तुमच्याशी. हे पत्र तुम्ही वाचत आहात. तुम्हाला मी ओळखतो, म्हणजे आता ओळखतो. भाऊबीजेचा मजकूर आला की तुम्ही आवाज खाली कराल, दोन ओळी मनात वाचाल आणि कोकिळेला म्हणाल, "यंत्राचं काही लिवलं हाय, मले समजलं नाही." तिच्या मनात तिचा भाऊ राहावा म्हणून. माझा हा एक संशय मात्र खोटा नाही.

तसं करू नका. विहिरीवर तिला जायचं आहे. सगळं मोठ्यानं वाचा, तुमच्या आई ऐकतील असं वाचा, आणि ही ओळ दोनदा वाचा: घोड्याला मी मारलं आणि नाव तुमचं सांगितलं.

वडीलकीचे आशीर्वाद या खेपेस लिहीत नाही.

शेषराव