जाळी आणखी वर

वारजे, पुणे

आदरणीय मॅडम,
सप्रेम जय भीम.

काल तुम्ही दत्तकासाठी आमचं घर बघून गेलात, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. त्याआधी आठवडाभर मी फिनेलची बाटली या फळीवरून त्या फळीवर हलवत होतो. गॅलरीला जाळीही मीच बांधली. मुलगा राकेश म्हणाला, "बाबा, घर ठीक आहे. तुम्ही फक्त कमी बोला."

आणि तुम्ही नेमकं मलाच विचारलंत, "आजोबा, दुसऱ्याच्या पोटचं मूल आपलं वाटेल का?"

मग मी बोलून बसलो. माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत. हे पोर आमचं नव्हेच असं मरणाला वाटावं, म्हणून आईने मला जन्मताच उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या भागूबाईने उचललं आणि "माझं पोर सांभाळ गं" म्हणत आईच्याच पदरात टाकलं. म्हणून मी कचरू.

"मग खरी आई कोणती?" तुम्ही विचारलंत.

"जी आधी जेवायला हाक मारील ती."

सूनबाई शर्मिला हसता हसता रडली. राकेशने कपाळावर हात मारला. तुम्ही नुसत्या लिहीत राहिलात.

हे पत्र पाठवणार नाही. राकेश म्हणतो, वशिला लावल्यासारखं दिसेल. पण निघताना, चप्पल घालता घालता तुम्ही म्हणालात, "आजोबा, जाळी आणखी वर घ्या. मुलं चढतात."

मॅडम, जिथे मूल यायचंच नाही, तिथे असं कोणी सांगतं का?

सकाळीच वर घेतली आहे.

आपला,
कचरू ओव्हाळ