डझनावरचा एक

अमरावती, ८ जानेवारी २०२५
आ. भागीरथाबाईंना चतुराचा सप्रेम जयभीम. वि. वि.,
फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून अनुप लेकीला भेटून परततोय, त्याच्या हाती हे पत्र. तुमची नात आता अडीच किलोची झाली. फुप्फुसं अजून कच्ची आहेत, तरी डॉक्टर तिला ऑक्सिजनच्या मशीनसह घरी सोडायला तयार आहेत. अट एकच. आई म्हणून पिंकी आहेच, पण तिच्याशिवाय घरातल्या आणखी एकाला घड्याळ लावून मिनिटभर तिचे श्वास मोजता आले पाहिजेत. साठाच्या वर गेले, की लगेच दवाखाना.
माझी शाळेची रजा संपत आली. दिवसा घरी तुम्हीच. पुढच्या गुरुवारी इथल्या सिस्टर तुमची परीक्षा घेतील. माझ्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरही अशाच घड्याळ हातात धरून पाढे म्हणवून घ्यायच्या. तोवर शेजारच्या लीलाबाईंच्या नातवावर सराव करा. पोट वर आलं की एक.
काळजी तुमच्यावर, लोभ आमच्यावर.
तुमची भावजय, चतुरा

जुने शहर, अकोला, १० जानेवारी
चि. चतुरास जयभीम व आशीर्वाद.
मशीनजवळ जाळ नको म्हणून मेणबत्त्या-उदबत्त्या मागल्या खोलीत नेल्या. मले एक सांग, ते मशीन हवेतूनच हवा काढते, तर उरलेली कुठं फेकते?
लीलाबाई अन् मी संगंच मोजलं. माहे छत्तीस आले, तिचे एकोणचाळीस. तीनदा मोजलं, तीनदा तसंच. तिले म्हटलं, मोतीबिंदूनं तुले जास्तीचं दिसून राहिलं. रुसली, चहा न पिता गेली.
पोरीले पापा.
भागीरथा

अमरावती, १२ जानेवारी
आ. बाई, सप्रेम जयभीम.
उरलेली हवा मशीन परत खोलीतच सोडतं. मीही सिस्टरांना हेच विचारलं होतं.
पण दर वेळी तीनचाच फरक कसा? मोतीबिंदूची चूक कधी दोनची, कधी पाचची झाली असती. रागावू नका, मोजताना मनात काय म्हणता ते जसंच्या तसं लिहा.
प्रेम आहेच, उत्तरही लवकर असावं.
चतुरा

अकोला, १४ जानेवारी
चि. चतुरास जयभीम.
तू लिहिलं म्हणून मोठ्यानं मोजलं, अन् माह्या ध्यानात आलं. बारा झाले की मी एक सोडून देतो, मंग तेरा म्हणतो. चाळीस वर्षं संत्री विकली. डझनावर एक वर द्याचं, तो मोजाचा नाही. छत्तीसात तीन डझन, म्हून तीन गेले. पोरीचे बासष्ट झाले असते, तर मी अठ्ठावन्न म्हणून निवांत बसलो असतो.
आता श्वासाले एक चिंचोका डब्यात टाकतो, मंग डबा मोजतो. लीलाबाईची माफी मागितली. गुरुवारी येतो. नापास झालो तर तोंडावर सांग अन् दुसरं माणूस पाहा. माह्या मानासाठी पोरीचा जीव टांगू नको.
माया ठेव.
भागीरथा

अमरावती, १६ जानेवारी
आ. बाई, सप्रेम जयभीम.
तुम्ही बाळाचे श्वास तीनदा मोजले, सिस्टरांनीही तीनदा. तुम्ही खाली मान घालून गाडीला गेलात, निकालाला थांबलाच नाहीत. तिन्ही वेळा दोघींचे आकडे एकच होते. डॉक्टरांनी कागदावर पिंकीखाली तुमचं नाव लिहून सही केली.
लोभ तर आहेच. रविवारी बाळाला घेऊन येतो, दार उघडं असावं, ही विनंती.
चतुरा