आमच्या बागेतली बुटकी शेड

ती. ताईंना धाकट्या मेहुण्याचा नमस्कार.

गुडघे कसे आहेत? साडूंना कानातल्या यंत्रानं ऐकू येतं, की अजून सोयीपुरतंच? मी ठीक आहे. (जेवतो, झोपतो, गॅस बंद केला का ते बघायला जिन्यातून परत येतो.)

तुमची बहीण गेल्यापासून वसाहतीच्या बागेतला तिचा वाफा ओस पडलाय, आणि रिकामा बसलेला सुतार कुणाला बघवत नाही. त्यामुळे अवजारं ठेवायची शेड माझ्या गळ्यात पडली. अट अशी, की नवं काही विकत आणायचं नाही, निसर्गाला ओरबाडायचं नाही. मग पाडलेल्या घरांची दारं आणून मापाला कापली, भिंती माती-भुसकटाच्या लिंपल्या, छपराचं पाणी पिंपात सोडलं. भुसकटात गव्हाचे दाणे राहिले होते, त्यामुळे मागच्या भिंतीला कोंब फुटले. (बागेचे अध्यक्ष, म्हणजे निवृत्त भूगोल मास्तर, म्हणाले की इतकीही पर्यावरणपूरक नको होती.)

खरा घोटाळा पुढेच आहे. उद्‌घाटनाला मास्तर ऐटीत आत शिरायला गेले आणि चौकटीवर कपाळ आपटून मागे आले. त्यांच्यामागून शेजारच्या वाफ्यावरच्या नर्सबाई. (त्यांच्याकडे निदान मलम होतं.) दार बुटकं, फळ्या खाली, खुंट्या त्याहून खाली. जन्मभर सुतारकी केलेल्या माणसाची मापं चुकली कशी, असं जो तो विचारतो.

ताई, मी टेप लावलीच नव्हती. घरात फळी ठोकायची असली की तुमची बहीण भिंतीला टेकून हात वर करायची आणि मी तिच्या बोटांशी, चौकट असली तर डोक्याच्या जरा वर, पेन्सिलीची खूण करायचो. माझा हात अजून तिथेच जाऊन थांबतो. छप्पर चढेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नाही. आलं तेव्हा आत बसून पोटभर रडलो. (मातीच्या भिंतींचा हा फायदा, आवाज बाहेर जात नाही.)

रविवारी बागेच्या मंडळींची बैठक आहे. छप्पर उतरवून शेड उंच करायचं घाटतंय. त्यांचंही खरं आहे, कपाळं त्यांची आहेत. मी काही बोलणार नाही.

तुमचा,
सुतार मेहुणा

ता. क. साडूंच्या खुर्चीचा पाय मी आल्यावर बघेन. तोवर खालची वीट काढू नका.

आणखी ता. क. काही बोलणार नाही असं वर लिहिलंय, ते खरं धरू नका. ती शेड मला मोडू द्यायची नाही. तुमची उंची अगदी बहिणीएवढी आहे. रविवारच्या आत या आणि सगळ्यांसमोर त्या दारातून आत जा. त्यांनी नाहीच ऐकलं तरी चालेल. त्या दारातून कुणीतरी न वाकता आत गेलेलं मला एकदा बघायचंय.