मागचा जिना

मंगळवार, १२ नोव्हेंबर

इथे आखातात, समैस्मा गावातल्या व्हिलासाठी क्लायंटबाईंना अमेरिकेतल्या कापसाच्या मळ्यावरच्या जुन्या विटांच्या बंगल्याची हुबेहूब नक्कल हवी आहे. लाल विटा, पांढरे खांब, सगळं. मूळ नकाशात मागे एक अरुंद जिना आहे, पाहुण्यांच्या नजरेस गुलाम पडू नयेत म्हणून. तो मी पहिल्याच दिवशी ड्रॉइंगमधून पुसून टाकला. उगाच बरं वाटलं होतं.

आज मीटिंगमध्ये बाईंनी शांतपणे विचारलं, “मेड वर कुठून जाणार? पाहुण्यांसमोरून?”

बॉस माझ्याकडे वळले. “यल्ला, चल, आजच करून दे.”

दिला करून. बांधकामाच्या नियमासाठी रुंदी थोडी वाढवली, बाकी जिना तोच. एकही भिंत हलवावी लागली नाही.

पुसलाच होता, तर त्याची जागा मी इतके दिवस रिकामी का ठेवली होती?