अर्धी फांदी

२ मार्च
शासन, प्रशासन आणि समस्त सातारकरांनी नोंद घ्यावी — शेजारच्या लालासाहेबांचा करंज माझ्या स्कूटरवर रोज पाटीभर पानं टाकतो! सीट झाडल्याशिवाय ऑफिस गाठता येत नाही. अशानं देश पुढं जायचा कसा? वर त्याच करंजाला आता तेल चोपडल्यासारखी चकचकीत पालवी. आणि माझ्या कुंडीत — काठी.

५ मार्च
काठीच.

११ मार्च
विजेच्या वायरला लागते म्हणून पौषात दारच्या चाफ्याची फांदी तोडली. त्याच आठवड्यात दीपमाला माहेरी गेली. भांडण नाही, काही नाही. "तुमच्या जिभेला कंटाळले," एवढंच. जाताना त्या फांदीचे दोन तुकडे केले. एक माझ्यासाठी कुंडीत खोचला, दुसरा पेपरात गुंडाळून कुंडलच्या एसटीत घेऊन बसली. "पालवी फुटली की कळवा. मग बघू."

म्हणून रोज सकाळी नखानं साल खरवडतो — आत हिरवं आहे ना? आज लालासाहेबांनी कुंपणावरून पाहिलं. माजी सुभेदार, आवाज परेडचा. "आवं, रोज सोलाय लागला तर त्यानं जगायचं कवा? जरा दम धरा की!"

दम धरतोय. दोन महिने तेच करतोय.

१९ मार्च
पिंपळ तांबूस, कडुलिंब पोपटी. अख्ख्या गावाला पालवी. आज आमटीत मीठ दोनदा पडलं, माझ्याच हातून. स्वतःला मारलेल्या टोमण्यात काही मजा नाही.

२७ मार्च
फोन सासूबाईंनी उचलला. ऊस झाला, गुडघे झाले, आणि मग — "तिच्या काठीला तर कवाच पानं आल्यात! तुमास्नी सांगू नको म्हणलीया..." फोन हिसकावल्याचा आवाज.

"का नाही सांगितलंस?"

"तुमच्याला आधी फुटू दे म्हणलं. न्हाईतर टोमणा ठरलेला हाय — माहेरचं पाणी मानवलं!"

हेच म्हणालो असतो. अगदी हेच. गिळलं.

"माझी कोरडीच आहे अजून," म्हणालो.

"लय खरवडली असणार. तुमीच या आता."

२९ मार्च
परतताना औंधला गाडी बदलायची होती. दीपमाला चार पानांची कुंडी मांडीवर घेऊन स्टँडवर बसली. "पाण्याची बाटली आणतो," म्हणालो आणि गावातल्या यमाईला नारळ फोडून आलो. नवसांवर वर्षाला दोन विनोदी लेख पाडणारा मी! ही परत यावी म्हणून माघातच बोललो होतो. या वहीलाही कळू दिलं नव्हतं.

"बाटलीला एवढा वेळ?"

"रांग होती," म्हणालो.