बिनगायीच्या दुधाची कॉफी

म्हातारपणी माणसाला कशावरनं घराबाहेर काढतील त्याचा नेम न्हाई. मला एका थंड कॉफीवरनं काढायला लागलेत. हे आधी ऐकून घे, नमस्कार मागनं घालते.

घातला. तीर्थरूप सावित्रीअक्काला धाकट्या पारूचा कुंभारवाड्याहून साष्टांग (मनातनंच, कंबर वाकत न्हाई). तुझे गुडघे कसे हायत? माझे नावापुरते हायत. नंदिगड्ड्यात उकाडा असंलच. इकडं कोंबड्यासुद्धा पाण्याच्या घागरीला टेकून बसत्यात. फोन केला असता, पण फोन माझ्या पोरानं, शंकरनं, दिलेला, रेंज धाकलूच्या दुकानामागच्या टेकाडावर, आणि तिथं बोललेलं सगळ्या वाडीला ऐकू जातं. म्हणून लिहिते. चुका काढू नकोस, मी तिसरी झालेली, तू दुसरीच.

तर शंकरची पोरगी रक्षिता दांडेलीहून सुट्टीला आली. तिला गायीचं दूध सोसत न्हाई असं डॉक्टरनं सांगितलंय. मला म्हणाली, आज्जी, मी झाडाचं दूध पिते. मी म्हटलं, रुईचं का शेराचं? ती हसली. मी हसायला बोलले न्हवते. तसं घरात दूध होतंच कुठं! आपल्या तांबू गायीनं भातकापणीपासनं आटवलंय. चरते, रवंथ करते आणि माझ्याकडं बघत बसते, तिचंच काहीतरी मी खाल्ल्यासारखी.

पयल्यांदा नारळ. खवला, वाटला, रस काढला (हा रस आपण जन्मभर खिरीत घालतो, पण त्याला दूध म्हणायचं धाडस कुणी केलं न्हवतं). कॉफी उकळून निववली. बर्फ आणला धाकलूच्या दुकानातनं. त्याच्या पेटीत बर्फ आणि बांगडे शेजारी-शेजारी असत्यात, त्यात करंट दिवसातनं निम्मा वेळ न्हाई, म्हणजे बर्फ वितळून बांगड्यात जातो आणि परत गोठून येतो. रसात बर्फ पडला तसे वर पांढरे तुकडे तरंगायला लागले, थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठतं तसे. वास बांगड्याचा. रक्षितानं फोटो काढला, प्याली न्हाई. मांजर प्यालं.

मग नाचणी. भिजवली, वाटली, फडक्यातनं गाळली. दिसायला मेलेल्या माणसाच्या रंगाचं, पण दूध म्हणायला हरकत न्हवती. त्यावर पोरीनं कढत कॉफी ओतली. नाचणीच्या पाण्याला कढ दाखवला की काय होतं ते आपल्याकडचं शेंबडं पोरबी सांगंल. आंबील झाली, कॉफीची. वरनं बर्फाचे खडे टाकले तर बुडेनात, चिखलात म्हशी बसाव्या तसे बसले. ती म्हणाली, चमच्यानं खाऊया. मी म्हटलं, हे श्राद्धाला वाढलं तर कावळा त्या घराकडं परत फिरकायचा न्हाई.

मी हसले असते, पण त्याच येळी शंकर आला आणि हे सगळं बघून त्याला अक्कल सुचली. म्हणाला, बघितलंस आई, गाईबिगर चालतंय की घर! गाय देऊन टाकूया गोशाळेत, आणि तू चल दांडेलीला.

अक्का, आजवर तांबूच्या दाव्यावर मी इथं टिकले. जनावर टाकून कुठं येऊ, एवढं म्हटलं की शंकर गप बसायचा. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. मागं गेले होते तवा दिवसभर त्या लिफ्टचा आवाज ऐकत बसले. दर वेळी वाटायचं, कोण तरी आपल्याकडं येतंय. कोण येत न्हाई. खिडकी उघडली की दुसऱ्याची खिडकी, तिच्यातबी एक म्हातारी. दोघी एकमेकींकडं बघून खिडकी लावायचो. (ती आता लावायला उरली न्हाई असं ऐकते.)

गेल्या रविवारी शंकर गोशाळेच्या माणसाला टेम्पोसकट घेऊन आला. गणपती नावाचा, गोड बोलणारा. रक्षिताला वाटलं, पाव्हण्याला काजूच्या दुधाची थंड कॉफी द्यावी. फोनवर बघितलेले काजू वाळके, दुकानातले. हिनं झाडाखालच्या ओल्या बिया उचलल्या. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून विळीवर चिरल्या, म्हणजे सालीचा चीक भाजतो एवढं ठावं होतं. तोंडाचा विचार केला न्हाई. गर गरम पाण्यात चोळून धुवायचे असत्यात, हे तिला सांगायला मी घरात न्हवते, तांबूला पाणी दाखवायला गेलेले. पण कॉफी काय झाली होती! साईसारखी, वर बर्फ खुळखुळतोय. गणपतीला उपास होता. शंकरनं मात्र मला दाखवायला म्हणून एका घोटात गिलास रिकामा केला. बर्फाच्या गारव्यात आधी काही कळलं न्हाई. मग व्हट सुजायला लागले, फणसाच्या गऱ्याएवढे झाले.

गणपती विचारतोय, काय शंकरराव, घालायची का गाय टेम्पोत? शंकर आपला ब्बब्ब, ब्बब्ब. मी म्हटलं, न्हाई म्हणतोय तो. टेम्पो रिकामा गेला. पोरगी रडत बसली, मी शंकरच्या व्हटाला खोबरेल लावत बसले. जाताना शंकरनं बोटानं खुणावलं, गाय पुढच्या रविवारी. हात चांगले होते मेल्याचे.

एवढंच. जिवंत हाय, तूबी ऱ्हा.
तुझी पारू

ता. क. तांबूसाठी लिहिते असं समजून डोळ्याला पदर लावू नकोस. तांबू जाऊ दे. लाथा मारते मेली, आणि गोशाळेत तिला पेंड मिळंल. जायचं न्हाई ते मला. तुझी गाभण पाडी तुझ्या लेकाच्या, लखूच्या, टेम्पोत घालून रविवारच्या आत इकडं पाठव, मला अर्धलीला, निम्म्या वाट्यानं सांभाळायला, दिली असं सांग. दुसऱ्याची गाभण गाय सांभाळायला घेतली की ती वियेपर्यंत आणि पयलं दूध देवाला जाईपर्यंत आपल्यात बाई घर सोडत न्हाई. शंकर माझं ऐकत न्हाई, पण देवाला भितो.

आणखी ता. क. पाडी गाभण नसली तरी पाठव. शंकरला काय कळतंय!

शेवटचं. काजू धुऊन मी परत कॉफी करून बघितली, बर्फाबिगर. तांबूच्या दुधापेक्षा बरी लागते, हे कुणाला सांगू नकोस. पूड संपलीय, ती टेम्पोत घाल. आणि उत्तर तू स्वतः लिही. तुझ्या सुनेला, सुमंगलाला, लिहायला बसवू नकोस. मावशींनी आता पोराकडं जावं असं ती लिहील, आणि सुरेख अक्षरात लिहील. पाडी द्यायची नसंल तर तेबी तुझ्याच हातानं लिही.