धुतलेला व्हरांडा

गुरुवार, २ ऑगस्ट १९७३. दिवेलागण.

आरोग्य केंद्राच्या वहीत लिहून आले, "रुग्ण उशिरा आणला." कुणी दगावलं की आपलं काय चुकलं याचा आम्ही नर्सनी विचार करावा, म्हणून डॉक्टरांनी ही वही सुरू केली. आम्ही सगळ्या जणी हेच एक वाक्य लिहितो. आजही त्याखाली त्यांची सही झाली.

पण उशिरा कुठे? पार्वती सकाळी नऊलाच डोंगर उतरून सासूबरोबर आली होती. पहिलटकरीण, कळा नुकत्याच सुरू झालेल्या. केंद्राच्या तपासणीला जिल्ह्याचे साहेब येणार म्हणून मी व्हरांडा फिनेल टाकून धुऊन घेतला होता, आणि दोघींचे पाय चिखलाने भरलेले. "अजून वेळ आहे, घरी जाऊन दुपारी या," म्हटलं. वेळ होता, हे खोटं नाही. पण व्हरांडा धुतलेला नसता तर तिला तिथेच बसवलं असतं ना मी? बसवलंच असतं.

परत येताना ती वाटेतच बाळंत झाली. मूल रडलंच नाही. चार वाजता तिला झोळीतून आणलं.

साहेब तर आलेच नाहीत.

पार्वतीला आत खाटेवर घेतलं. सासू मात्र पायरीखाली पावसातच उभी, लुगड्यात गुंडाळलेलं मूल छातीशी धरून. मी म्हटलं, "आजी, वर या हो."

"नको बाई," ती म्हणाली. "पाय चिखलाचं हायत. तुमी धुतलंय ना."